दोन हंगाम: ज्वारीचा आणि मतांचा



स्मृतिव्याख्यानाची सुरुवात गुणगौरवाने करायची रीत आहे. ती आज थोडी बाजूला ठेवू. संयोजकांनी दिलेला विषय आहे आरोग्याचं धोरण, त्यासाठी लागणारा पैसा आणि निवडणूक. या विषयात शिरायला एक यादी पुरेशी आहे.

मुंबई, नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशिम, भंडारा, हिंगोली आणि अंबरनाथ. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे महाराष्ट्रातल्या या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन केलं. राज्यात एमबीबीएसच्या ९०० जागा वाढल्या. सहा दिवसांनी, १५ ऑक्टोबरला, विधानसभा निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहिता लागली. कोनशिलांवर कापड पडलं, फलकांवरच्या चेहऱ्यांवर कागद डकवले गेले. २० नोव्हेंबरला मतदान झालं.

या यादीत वर्धा आहे का? नाही. पण एका आधीच्या यादीत होतं. जून २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नऊ ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं मंजूर केली. प्रत्येकी १०० विद्यार्थी, सोबत ४३० खाटांचं रुग्णालय. त्या नऊ नावांमध्ये वर्धा होतं. मग या सव्वा वर्षात काय झालं? ‘जिल्ह्यात नेमकं कुठे?’ या एका प्रश्नावर जिल्हा ढवळून निघाला. हिंगणघाटकरांनी महाविद्यालय आपल्याकडेच हवं म्हणून मागणी लावून धरली, आंदोलनं केली. त्यांचा युक्तिवाद साधा होता आणि दमदारही होता. सेवाग्राम आणि सावंगी, वैद्यकीय महाविद्यालयांची दोन्ही मोठी रुग्णालयं वर्धा शहराला चिकटून आहेत. नागपूर-हैदराबाद महामार्गावर अपघात झाला, समुद्रपूर तालुक्यातल्या एखाद्या बाळंतिणीचा रक्तस्राव थांबेना, तर गाडी हिंगणघाटला थांबते, तिथून वर्ध्याला रेफर होते, नाहीतर सरळ नागपूरच्या मेडिकलला. तिसरंही महाविद्यालय वर्ध्याशेजारीच काढलं तर उपयोग कुणाला? सरकारने अखेर हिंगणघाटला कौल दिला. आर्वी, आष्टी, कारंजा या दुसऱ्या टोकाच्या तालुक्यांनी तोच प्रश्न उलटा विचारला तर त्यांचंही चुकलं म्हणता येणार नाही.

या भांडणाची टिंगल करणारे पुष्कळ भेटतात. ‘राजकारण चाललंय’ म्हणतात. अहो, दवाखाना कुठे असावा यावर लोक भांडत असतील तर याहून चांगलं राजकारण कुठलं? अडचण वेगळीच आहे. भांडण जागेवर झालं. त्या जागेवर उभ्या राहणाऱ्या ४३० खाटांपाशी रात्री दोन वाजता परिचारिका किती असतील, भूलतज्ज्ञ असेल का, औषधाची खरेदी कोण करेल, यावर कुणी रस्ता अडवल्याचं कुठे ऐकलं आहे का?

नांदेड आठवून पाहा. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत तिथल्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यात १२ नवजात बालकं होती. ४८ तासांत आकडा ३१ वर गेला. इमारत भव्य होती, नाव मोठं होतं, खाटाही होत्या. चर्चा सुरू झाली ती औषधांच्या तुटवड्याची, रिक्त पदांची, मंजूर खाटांपेक्षा कितीतरी जास्त रुग्णांची. मग तिथे एक खासदार पोहोचले आणि त्यांनी प्रभारी अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावलं. कॅमेरे होतेच. सगळ्या महाराष्ट्राने ते दृश्य पाहिलं. पदं किती रिकामी होती, त्यांच्या भरतीची फाईल कुणाच्या टेबलावर अडकली होती, हे मात्र त्या दृश्यात दिसलं नाही. दिसणारच नव्हतं. फाईल कॅमेऱ्यात चांगली येत नाही.

आता पैशाकडे वळू. पैशाच्या बाबतीत वर्धा जिल्हा देशाला काही शिकवू शकतो, इतका विलक्षण त्याचा इतिहास आहे.

या जिल्ह्यात दोन वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, आणि त्यांतलं एकही सरकारी नाही. पहिलं सेवाग्रामचं. गांधीजींच्या डॉक्टर, डॉ. सुशीला नायर, यांच्या दवाखान्यातून ते वाढत गेलं. १९४५ मध्ये स्त्रिया आणि मुलांसाठी १५ खाटांचं कस्तुरबा रुग्णालय झालं. १९६४ मध्ये कस्तुरबा हेल्थ सोसायटी स्थापन झाली आणि १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था. देशातलं खेड्यातलं पहिलं वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ते ओळखलं जातं. त्याच्या खर्चाची विभागणी ऐकण्यासारखी आहे. निम्मा वाटा केंद्र सरकारचा, पाव राज्य सरकारचा आणि पाव संस्थेने उभा करायचा. कारभार मात्र संस्थेकडे. पैसा बहुतांश जनतेचा आणि व्यवस्थापन विश्वस्तांचं. हे सूत्र कुणाला जमलं? एका राजकारणी बाईंना. सुशीलाबेन १९६२ ते १९६७ केंद्रीय आरोग्यमंत्री होत्या. झाशीतून लोकसभेवर निवडून येत. पुढे १९७७ मध्ये जनता पक्षाच्या लाटेत झाशीने त्यांना पुन्हा पाठवलं. गांधीवादी म्हणून आपण त्यांना राजकारणापासून धुऊन-पुसून वेगळं काढतो. पण दिल्लीत कुठला दरवाजा कधी वाजवायचा हे ठाऊक असल्याशिवाय पन्नास टक्के अनुदान सेवाग्रामपर्यंत येत नाही.

दुसरं महाविद्यालय सावंगी मेघेचं, १९९० चं. त्याची पार्श्वभूमी निराळी आहे. ऐंशीच्या दशकात वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित तंत्रशिक्षणाला आणि वैद्यकीय शिक्षणाला दार उघडलं आणि राज्यभर नेत्यांच्या संस्था उभ्या राहिल्या. लोणी, कराड, पुणे, कोल्हापूर. सावंगीचे संस्थापक दत्ता मेघे त्याच पिढीतले. ते वेगवेगळ्या वेळी नागपूर, रामटेक आणि वर्ध्याचे खासदार झाले. देणग्यांना आळा घालायला १९८७ मध्ये राज्याला कायदा करावा लागला, यावरून त्या काळाचा अंदाज यावा. पण एकतर्फी बोलून चालणार नाही. कोरोनाच्या लाटेत या जिल्ह्याने सेवाग्राम आणि सावंगी या दोन्ही रुग्णालयांचा आधार घेतला. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नव्हतंच.

म्हणजे सुमारे तेरा लाख लोकसंख्येच्या (२०११ ची जनगणना) या जिल्ह्यात अत्यवस्थ रुग्णाचं ओझं पेलणारी दोन्ही रुग्णालयं सरकारी खात्याच्या बाहेरची. मग सरकारी खात्याकडे काय उरलं? जिल्हा सामान्य रुग्णालय, हिंगणघाट-आर्वीची उपजिल्हा रुग्णालयं, ग्रामीण रुग्णालयं, प्राथमिक आरोग्य केंद्रं, उपकेंद्रं. म्हणजे ताप, बाळंतपण, लसीकरण, साप, विंचू, क्षय, सिकलसेल. म्हणजे बहुतेक सगळे लोक. आणि निवडणुकीच्या भाषणात सगळ्यात कमी जागा मिळते ती यांनाच.

आता त्या गोष्टीकडे, जिच्यासाठी हे व्याख्यान इतका वळसा घेऊन आलं. ज्वारी.

१९८० च्या आसपास सेवाग्रामच्या मेडिसिन विभागातले डॉ. उल्हास जाजू आणि त्यांचे सहकारी आसपासच्या खेड्यांत जात होते. दवाखाना चार कोसांवर असूनही कास्तकार आणि मजूर तिथे पैशाच्या भीतीने उशिरा पोहोचतात किंवा पोहोचतच नाहीत, हे त्यांनी पाहिलं. यातून एक योजना उभी राहिली. सुगी झाल्यावर घराघरातून ज्वारी गोळा करायची. ज्याला जास्त वावर त्याने जास्त, ज्याला कमी त्याने कमी, भूमिहीनानेही थोडी, पण काहीतरी द्यायचीच. गावातली बहुसंख्य कुटुंबं, साधारण तीन चतुर्थांश, सामील झाली तरच गाव योजनेत. दोन-चार घरांची हौस म्हणून नाही. ज्वारी विकून गावचा निधी व्हायचा, त्यातून गावातल्या आरोग्य कार्यकर्त्याचं काम आणि औषधं चालायची. बदल्यात, अचानक आलेल्या आजारात सेवाग्रामला भरती झालं तर उपचार मोफत. आधीपासून ठाऊक असलेल्या, वेळ ठरवून करता येणाऱ्या उपचारांना बिलाचा काही हिस्सा भरायचा.

रोख का नाही? कारण कापूस-ज्वारीच्या या मुलखात मजुराच्या हातात रोख क्वचितच असायची, ज्वारी मात्र सुगीत प्रत्येक घरी यायची. मजुरीसुद्धा धान्यात मिळायची. हप्ता आषाढात मागितला असता तर एकानेही दिला नसता. सुगीत मागितला म्हणून मिळाला. विमा कंपन्यांच्या मोठमोठ्या कचेऱ्यांत बसणाऱ्यांना जे सुचायला पुढे कैक वर्षं लागली, ते इथे खळ्यावर ठरलं.

इथे एक हिशेब स्वच्छ मांडायला हवा. ज्वारीने रुग्णालयाचा खर्च भागत नव्हता. भागणं शक्यच नव्हतं. खर्चाचा मोठा भार सरकारी अनुदानानेच उचलला. मग ज्वारीने काय केलं? ज्वारीने गावाला विचारायचा अधिकार दिला. ज्याने रास टाकली त्याने ग्रामसभेत विचारलं, औषध का संपलं? कार्यकर्ती का आली नाही? सेवाग्रामला गेलो तर रांगेत का उभं केलं? मोफत मिळणाऱ्या दवाखान्यात माणूस हात जोडून उभा राहतो. ज्वारी दिलेल्या दवाखान्यात तो पाय रोवून उभा राहतो. फरक पैशात तोलला तर फार थोडा आहे. उभं राहण्याच्या पद्धतीत मात्र सगळा फरक आहे.

कुणी म्हणेल, तो छोटा प्रयोग होता, काही खेड्यांचा. बरोबर. त्याला सेवाग्रामसारखं रुग्णालय हाताशी हवं, जाजूंसारखी माणसं हवीत. बरोबर. राज्यभर ज्वारी गोळा करायचा सल्ला इथे कुणी देत नाही. सोयाबीन आलं, ज्वारी तर वावरातूनच गेली. प्रश्न असा की त्या प्रयोगातला कोणता भाग पुढे राज्याच्या धोरणात आला?

उत्तर शोधायला योजनांची वंशावळ पाहू. १९९७ मध्ये महाराष्ट्राने जीवनदायी योजना आणली, हृदय, मूत्रपिंड अशा महागड्या आजारांसाठी. २००७ मध्ये आंध्र प्रदेशात वाय. एस. राजशेखर रेड्डी यांनी, जे स्वतः डॉक्टर होते, आरोग्यश्री सुरू केली आणि २००९ मध्ये ते पुन्हा निवडून आले. देशभरच्या मुख्यमंत्र्यांनी यातून धडा घेतला. २०१२ मध्ये महाराष्ट्रात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. कुटुंबाला दीड लाखापर्यंत संरक्षण, ९७१ उपचार. २१ नोव्हेंबर २०१३ रोजी ती सगळ्या राज्याला लागू झाली. पुढच्याच उन्हाळ्यात लोकसभा निवडणूक होती. सत्ता बदलली, आणि २०१७ मध्ये योजनेचं नाव महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. २३ सप्टेंबर २०१८ रोजी आयुष्मान भारत आली, पाच लाखांचं संरक्षण घेऊन. २०१९ ची निवडणूक समोर होती. जुलै २०२३ मध्ये राज्याने फुले योजनेचं छत्र पाच लाखांवर नेलं, १३५६ उपचार आणि राज्यातली सगळी कुटुंबं तिच्यात आणायचं ठरवलं. अंमल जुलै २०२४ मध्ये सुरू झाला. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सत्तर वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मानचं कार्ड मिळू लागलं. महाराष्ट्रात प्रचार जोरात होता.

तारखा ऐकताना तुमच्यापैकी काही हसलात. हसण्यासारखंच आहे. पण निवडणुकीच्या तोंडावर आलेली योजना वाईटच असते, असा निष्कर्ष काढायची घाई नको. या योजनांमुळे कितीतरी घरं वाचली आहेत. वर्ध्यातल्या एखाद्या मजुराची बायपास या योजना येण्याआधी त्याच्या दोन एकरांवर बोजा चढवून झाली असती. आज ती कार्डावर होते. लोकांच्या खिशातून होणारा आरोग्यखर्च २०१३-१४ मध्ये एकूण खर्चाच्या ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला असं राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. आकड्यांच्या पद्धतीवर तज्ज्ञांचे वाद आहेत. ते असू द्या. दिशा बरी आहे.

तरीही कार्डाला हद्द आहे. कार्ड भरती झाल्यावर चालतं. मधुमेहाची रोजची गोळी कार्डावर मिळत नाही. रक्तदाब वीस वर्षं अंगावर काढला आणि मग मूत्रपिंड निकामी झालं की मग डायलिसिस कार्डावर मिळतं. गोळी स्वस्त, डायलिसिस महाग; सरकार महाग वाटेने पैसे देतं आणि स्वस्त वाट रुग्णाच्या खिशावर सोडतं. दुसरं असं की कार्ड चालण्यासाठी योजनेतलं रुग्णालय जवळ हवं. कारंजा किंवा आष्टीच्या माणसाच्या हातात कार्ड असतं, रुग्णालय नसतं. आणि कार्ड छापणं किती सोपं असतं, तेही महालेखापालांनी २०२३ मध्ये दाखवलं. आयुष्मान भारतच्या नोंदींत जवळजवळ साडेसात लाख लाभार्थ्यांचा मोबाइल क्रमांक एकच होता, दहाच्या दहा नऊ.

आणि फोटो. कार्डावर फोटो असतो. फलकावर फोटो असतो. केंद्राने आरोग्य केंद्रांना ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ असं नाव द्यायला सांगितलं. पंजाबात भगवंत मान सरकारने तीच केंद्रं ‘आम आदमी क्लिनिक’ म्हणून आपल्या फोटोसह चालवली, तर राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा निधी अडला. भिंतीवर कुणाचं नाव असावं यावर दोन सरकारं भांडली आणि पगार थांबण्याची वेळ आली ती परिचारिकांवर. सेवाग्रामच्या ज्वारीच्या राशीवर कुणाचाच फोटो नव्हता. तो चिकटवायला जागाच नव्हती.

याच साखळीतली पुढची कडी म्हणजे पत्र. इथे बसलेल्या प्रत्येकाने ते पाहिलं आहे. रुग्ण भरती झाला, बिल वाढलं की नातेवाईक आमदारांच्या कार्यालयात जातात. पत्र मिळतं. कधी मुख्यमंत्री सहायता निधीसाठी, कधी धर्मादाय रुग्णालयातल्या राखीव खाटेसाठी. धर्मादाय रुग्णालयांत गरिबांसाठी खाटा राखून ठेवणं हा नियम आहे, उपकार नाही. तरीही त्यासाठी पत्र लागतं. पत्र देणारे बरेच लोकप्रतिनिधी मनापासून मदत करतात, रात्री-अपरात्री फोन उचलतात. त्यांना दोष देणं सोपं आणि अन्यायाचं आहे. पण विचार करा, पत्राशिवाय खाट मिळू लागली तर त्या कार्यालयात गर्दी कशाला होईल? हक्क सुरळीत मिळणं आणि मदत मागायला लोक येणं, या दोन गोष्टींचं एकमेकींशी पटत नाही.

एप्रिल २०२१ मध्ये हे उघडं पडलं. रेमडेसिवीरसाठी लोक रात्रभर औषध दुकानांपुढे उभे होते. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच रुग्णालयात भरती असलेल्या कोविड रुग्णांना ते देऊ नये असं सुचवलं होतं, तरी त्याची भूक थांबेना. अहमदनगरचे तेव्हाचे खासदार, पेशाने न्यूरोसर्जन, यांनी दिल्लीहून विमानाने इंजेक्शनं आणली आणि त्याची चित्रफीत प्रसिद्ध केली. प्रकरण औरंगाबाद खंडपीठात गेलं. गुजरातेत सुरतच्या पक्ष कार्यालयातून त्याचं वाटप झालं. आणि आपल्या वर्ध्यात? इथल्याच एका औषध कारखान्यात नितीन गडकरींच्या पुढाकाराने रेमडेसिवीरचं उत्पादन सुरू झालं. तीन उदाहरणं एका माळेत ओवणं योग्य नाही. कारखान्यात उत्पादन वाढवणं आणि कार्यालयातून वाटप करणं, यांच्यात मोठं अंतर आहे. तरी त्या महिन्यांत नेत्याची किंमत इंजेक्शनावर मोजली जात होती. ऑक्सिजनच्या नळ्या कुठल्या ग्रामीण रुग्णालयात टाकल्या आणि कुठल्या नाहीत, हे कुणी मोजत नव्हतं.

या सभेत मागच्या रांगेत बसलेल्या आशाताईंबद्दल बोललं नाही तर हे व्याख्यान खोटं ठरेल. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि गावोगावी आशा आल्या. पगार नाही, कामागणिक मोबदला. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या आशा आणि गटप्रवर्तक संपावर गेल्या. मुंबईच्या आझाद मैदानावर थंडीत बसल्या. सरकारने आधीच मान्य केलेल्या वाढीचा शासन निर्णय काढा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. संप मार्चच्या सुरुवातीपर्यंत लांबला. आशांना वाढ मिळाली, महिन्याला पाच हजारांची. कधी? मार्च २०२४ मध्ये, लोकसभेची आचारसंहिता लागायला जेमतेम दोन-तीन दिवस उरलेले असताना. तेव्हा निवडणुकीला नावं ठेवणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं. निवडणूक नसती तर तो शासन निर्णय कुठल्या टेबलावर पडून राहिला असता?

म्हणून या व्याख्यानाचं म्हणणं असं आहे. निवडणुकीच्या हंगामाला घाबरू नये, त्याचा सुगीसारखा वापर करावा. सुगीत ज्वारी मिळते म्हणून जाजूंनी सुगीत ज्वारी मागितली. मतांच्या हंगामात आश्वासन मिळतं, तर तेव्हाच मागावं. फक्त काय मागायचं हे आधी गावाने ठरवलेलं असावं.

हे भाबडेपण वाटत असेल तर थायलंडकडे पाहा. जानेवारी २००१ च्या निवडणुकीत थाकसिन शिनावात्रा यांनी तीस बाहतमध्ये कोणताही उपचार अशी घोषणा दिली. घोषणा बाजारू वाटली. पण ती आली कुठून? डॉ. संगुआन नित्यारुम्फोंग आणि ग्रामीण डॉक्टरांच्या एका जुन्या गटाकडून. त्यांनी आराखडा तयार ठेवला होता आणि तो घेऊन ते पक्षांकडे गेले. त्याआधी दोन दशकांहून अधिक काळ तिथल्या सरकारने नव्या डॉक्टरांना खेड्यात नोकरी सक्तीची केली होती, प्रत्येक जिल्ह्यात रुग्णालय बांधलं होतं. घोषणेला पाय होते. २००२ मध्ये कायदा झाला. पुढे थाकसिन सत्तेतून उलथले, देश सोडून गेले, लष्कराने राज्य केलं. योजना तशीच राहिली. उलट राजस्थानात मार्च २०२३ मध्ये आरोग्याच्या हक्काचा कायदा झाला, देशातला पहिला. खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले, पंचवीस लाखांच्या विम्याची जाहिरात झाली, आणि वर्षाअखेरीस सरकार निवडणूक हरलं. हक्क कागदावर होता, पण तो आपला आहे असं म्हणणारी गावं त्याच्यामागे उभी नव्हती.

इथपर्यंत आल्यावर साहजिक प्रश्न येतो, गावाने मागायचं कुणाकडे? लोकसभेच्या उमेदवाराकडे? २६ एप्रिल २०२४ ला वर्ध्यात मतदान झालं, तेव्हाचे खासदार रामदास तडस पडले, अमर काळे निवडून आले. चांगलं. पण उपकेंद्रात नर्सबाई राहते की नाही, याचा खासदाराशी संबंध किती? २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांनी अर्थसंकल्पाच्या आठ टक्क्यांहून जास्त खर्च आरोग्यावर करावा असं म्हटलं. महाराष्ट्र त्याच्या जवळपासही नाही. ते आमदारांना विचारता येईल, आणि विचारावंच. पण प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र चालवते कोण? जिल्हा परिषद. तिची आरोग्य समिती, तिचे सदस्य, तिचा निधी. आणि वर्धा जिल्हा परिषदेच्या सदस्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासक होते. आरक्षणाचा वाद न्यायालयात होता, मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून सांगितलं.

काय योगायोग आहे पाहा. या काळात लोकसभेची निवडणूक झाली, विधानसभेची झाली, २० सप्टेंबर २०२४ ला पंतप्रधान वर्ध्यातच विश्वकर्मा योजनेच्या कार्यक्रमाला येऊन गेले, आरोग्याच्या कार्डांचा पाऊस पडला. आणि ज्या संस्थेकडे तुमच्या गावचं आरोग्य केंद्र आहे, तिथे लोकांनी निवडलेला एकही माणूस नव्हता. त्यावर एखादा बंद झाला? एखादा मोर्चा?

गाव विचारू लागलं तर काय होतं, हेही जवळच पाहायला मिळतं. शेजारच्या अमरावतीसह पाच जिल्ह्यांत २००७ पासून आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेखीचं काम सुरू झालं. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेने आणि स्थानिक संघटनांनी ते चालवलं. गावकरी आपल्या केंद्राला गुण देत, जनसुनावणीत अधिकाऱ्यांसमोर उभं राहून विचारत, रक्ताची तपासणी बाहेरून का करायला लावली, बाळंतिणीकडून पैसे कुणी घेतले. त्यातून काही ठिकाणी बंद पडलेली सोय सुरू झाली, काही ठिकाणी बेकायदा वसुली थांबली. त्या जनसुनावण्यांना फारसा खर्च आला नाही. विचारायची भीड मात्र मोडावी लागली.

तेव्हा जिल्हा परिषदेची निवडणूक लागेल तेव्हा उमेदवार दारात येईल. त्याला विचारायच्या चार गोष्टी आजच ग्रामसभेच्या वहीत लिहून ठेवता येतील. आपल्या केंद्रात मंजूर पदं किती, भरलेली किती? गेल्या तीन महिन्यांत रक्तदाबाच्या गोळ्या किती दिवस संपलेल्या होत्या? रात्री बाळंतीण आली तर १०८ येईपर्यंत तिच्याजवळ कोण असतं? गाव आरोग्य समितीला मिळालेल्या पैशाची पावती कुठे आहे? उमेदवाराला उत्तरं येणार नाहीत, हे ठरलेलंच आहे. त्याला पंधरा दिवसांची मुदत द्यावी आणि पुन्हा बोलवावं. आशाताईंना मात्र ही उत्तरं आजही तोंडपाठ आहेत. सभा संपल्यावर कुणीही मागच्या रांगेत जाऊन त्यांना विचारून पाहावं.